मनगट कोणाकोणासाठी थरथरते?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : पत्रलेखिका ४२ वर्षांच्या असून छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचा लेखा विभाग सांभाळतात. घरी पती, दहावीतला मुलगा आणि सासूबाई आहेत. चार महिन्यांपूर्वी वाढदिवसाला पतींनी त्यांना चांगल्यापैकी महागाचे स्मार्टवॉच भेट दिले. ‘दिवस हाताबाहेर जातो’ ही जुनी तक्रार आता मिटेल, या आशेने त्यांनी कामांची यादी, टिपणे, टायमर, सवयींची नोंद, खर्च, पाणी, झोप, श्वसन अशी १३ अ‍ॅप्स घड्याळात घेतली. पहिले तीन आठवडे उत्साहात गेले. आता मात्र कामे उरकण्याऐवजी रेंगाळू लागली आहेत, मागच्या महिन्याचे जीएसटी विवरणपत्र २० तारखेला रात्री साडेदहाला भरले गेले, आणि झोपण्यापूर्वी पावलांचा आकडा पुरा करण्यासाठी त्या गॅलरीत येरझारा घालतात. एका मंगळवारी त्यांनी मोजले तेव्हा सकाळी सहा ते रात्री दहा या वेळात घड्याळ ११८ वेळा थरथरले होते. सासूबाई म्हणाल्या, ‘मी बोलायला लागले की तू घड्याळ बघतेस.’ त्यांचे प्रश्न दोन : उत्पादकता खरोखर वाढवणारी अ‍ॅप्स कोणती? आणि ती असूनही जमत नसेल, तर शिस्त माझ्यातच कमी आहे का? ता.क. म्हणून त्या लिहितात की घड्याळ काढून ठेवले तर यजमानांना वाईट वाटेल.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे सोबत जोडलेला तक्ता. बहुतेक लोक ‘घड्याळ सारखे वाजत असते’ एवढेच लिहून थांबतात. तुम्ही मात्र प्रत्येक थरथर तिच्या तिच्या खात्यावर टाकली आहे. व्हॉट्सअ‍ॅप ६१, कार्यालयातले चॅट २२, ई-मेल १४, ‘पाणी प्या, उभ्या राहा, दीर्घ श्वास घ्या’ या प्रकारच्या सूचना ९, फोन ४, आणि तुम्ही स्वतः लावून ठेवलेल्या कामांच्या आठवणी ८. बेरीज ११८, चोख जुळते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे याच तक्त्यात असल्यामुळे अ‍ॅप्सच्या नावांकडे मी जरा उशिरानेच येणार आहे, तेवढा धीर धरावा.

आधी शिस्तीचे पाहू. ११८ पैकी ११० वेळा तुमचे मनगट दुसऱ्या कोणाच्या तरी इच्छेने थरथरले. सोसायटीत टँकर आला का, अमक्याच्या मुलीला किती टक्के पडले, विक्री विभागाला एका बिलाची प्रत हवी आहे, घड्याळ बनवणाऱ्याला तुम्ही उठून उभे राहावे असे वाटते. या प्रत्येकाने तुमच्या लक्षातला एक तुकडा तुम्हाला न विचारता उचलला. उरलेल्या ८ आठवणी तुमच्या स्वतःच्या, असे मला वाटले होते, पण त्यांचाही तपशील तुम्ही दिला आहे आणि तो वाचताना मी थबकले. सासूबाईंची रक्तदाबाची सकाळची गोळी, रात्रीची गोळी, मुलाच्या क्लासचा हप्ता, गॅसचे बुकिंग, यजमानांच्या विम्याचा हप्ता, हे झाले पाच. टीडीएसचे चलन, बँक रिकन्सिलिएशन (कंपनीच्या आणि बँकेच्या नोंदी जुळवणे) आणि डेबिट नोटबद्दल एका पुरवठादाराला करायचा फोन, हे तीन. म्हणजे ज्या कामासाठी तुम्हाला पगार मिळतो आणि जे नीट व्हावे म्हणून तुम्ही घड्याळात इतकी अ‍ॅप्स घेतलीत, त्याच्या वाट्याला ११८ पैकी ३ थरथरी आल्या. एखाद्या विभागाच्या खर्चाचा असा तक्ता तुमच्यासमोर आला असता, तर तुम्ही त्या विभागप्रमुखाच्या शिस्तीबद्दल शंका घेतली असती की खर्चाला मंजुरी कोण देते ते आधी विचारले असते?

नुसत्या थरथरीने काय बिघडते, आपण तर संदेश उघडतही नाही, असे अनेकांना वाटते. अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाग्रता लागणारे काम करत असलेल्या लोकांच्या मोबाइलवर मधूनमधून सूचना पाठवल्या गेल्या. त्यांनी मोबाइलला हात लावला नाही, तरीही त्यांच्या चुका वाढल्या. कारण ‘काय आले असेल’ हा विचार मनात शिरायला संदेश वाचावा लागत नाही. तुम्हाला याचा अनुभव प्रयोगाशिवायच असणार. रिकन्सिलिएशन करताना ५,४०० रुपयांचा फरक येतो, तो नवाने भागला जातो म्हणजे कुठेतरी आकडे उलटसुलट पडले असणार हे तुमच्या ध्यानात येते, तो अदलाबदल झालेला आकडा डोक्यात धरून तुम्ही लेजरच्या ओळी खाली खाली तपासत जाता, आणि नेमके तेव्हाच मनगट थरथरते. नजर वर जाऊन खाली यायला दोन सेकंद लागतात, पण तोवर डोक्यातला आकडा निसटलेला असतो आणि पान पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करावे लागते. मोबाइल निदान पर्समध्ये टाकून पर्स खणात ठेवता येते. घड्याळ कातडीला बांधलेले असते आणि त्याची सगळी ताकद या जवळिकीतच आहे. त्यामुळे ज्याला तिथपर्यंत येऊ द्यायचे, त्याची निवड घरात कोणाला घ्यायचे याच्या निवडीइतकीच काटेकोर हवी.

आता ‘उत्पादकता’ या शब्दाकडे वळते. तो तुमच्या कारखान्याच्या शेडमधून आलेला शब्द आहे, आणि तिथे त्याला नेमका अर्थ आहे. एक भाग तयार व्हायला यंत्राला किती सेकंद लागतात, हे मोजता येते आणि कमी करता येते. लेखा विभागातल्या बाईचा दिवस असा मोजायला गेले की मोजता येण्याजोग्या गोष्टींनाच महत्त्व चढते. सवयींच्या अ‍ॅपमध्ये पाण्याच्या आठ पेल्यांवर आठ खुणा झाल्या की दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटतो, आणि तीन तास खर्चून सापडलेली एक चूक, जिच्यामुळे कंपनीचे खरे पैसे वाचले, तिच्यासाठी घड्याळात लक्ष्यपूर्तीचे वर्तुळ कुठे रंगत नाही. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात जे निरीक्षण मांडले, त्याचा आशय असा की एखादे माप हेच उद्दिष्ट करून टाकले की ते चांगले माप उरत नाही. तुमची गॅलरीतली येरझार हे त्याचेच घरगुती उदाहरण आहे.

आणि त्या दहा हजार पावलांची गोष्ट तुम्हाला सांगितलीच पाहिजे. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झाले, त्यानंतरच्या वर्षी यामासा नावाच्या जपानी कंपनीने पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आणले आणि त्याला ‘मानपो-केई’ असे नाव दिले. त्याचा शब्दशः अर्थ ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होतो. हा गोल आकडा आधी विक्रीसाठी ठेवलेल्या वस्तूच्या नावात आला आणि मग जगभरच्या मनगटांवर जाऊन बसला. चालणे चांगलेच आहे, याबद्दल वाद नाही. पण रात्री दहाला, दिवसभर खुर्चीत आखडलेल्या पाठीने, केवळ ७,९०० चे १०,००० व्हावेत म्हणून गॅलरीत वीस फेऱ्या घालणे हे चालणे नव्हे, ती वसुली आहे. झोपेच्या गुणांचेही तसेच. मनगटावरचे घड्याळ नाडीचे ठोके आणि हालचाल यांवरून झोपेचा अंदाज बांधते. झोपेचे टप्पे खात्रीने कळायला मेंदूच्या लहरी मोजाव्या लागतात, आणि ते काम प्रयोगशाळेत होते. घड्याळाचा आकडा चांगला यावा या काळजीनेच लोकांची झोप बिघडताना पाहून अमेरिकेतल्या काही संशोधकांनी २०१७ साली त्याला ‘ऑर्थोसोम्निया’ असे नाव दिले. सकाळी उठल्यावर तुम्हाला ताजेतवाने वाटत असेल आणि घड्याळ ६१ गुण देत असेल, तर घड्याळाला नापास करावे.

एवढे वाचून तुम्हाला वाटेल की घड्याळ खणात टाका असे मी सांगणार. तसे नाही. मी स्वतः दोन वर्षे असे घड्याळ वापरते आहे आणि तीन कामांसाठी मला ते मोबाइलपेक्षा आणि कागदापेक्षाही सरस वाटते : ठरावीक वेळ एकाच कामावर बसणे, मनात आलेले तिथल्या तिथे टिपणे, आणि तारखांची आठवण. या तिन्ही गोष्टींत घड्याळाकडे बघायला लागतो तो वेळ काही सेकंदांचा असतो. ज्या अ‍ॅपसाठी मनगट उचलून अर्धा मिनिट वाचत उभे राहावे लागते, त्याची जागा मनगटावर नाही, अशी माझी साधी कसोटी आहे. या कसोटीवर तुमची १३ पैकी १० अ‍ॅप्स गळतील असा माझा अंदाज आहे, पण तो तुम्हीच तपासून पाहावा.

त्यातला टायमर सर्वांत साधा आणि सर्वांत उपयोगी. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर समोर ठेवून २५ मिनिटे अभ्यास आणि ५ मिनिटे विश्रांती अशी पद्धत बसवली. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, म्हणून तिचे नाव पोमोडोरो. आज या नावाची असंख्य अ‍ॅप्स आहेत. आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही, कारण आपल्याकडची घटका २४ मिनिटांचीच आहे. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली. लग्नाचा मुहूर्त या घटिकापात्रावर साधला जाई, आणि ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार त्या भरत जाणाऱ्या वाटीतून आलेला आहे. मला त्या वाटीचे कौतुक वाटते ते अशासाठी की बुडणे एवढे एकच काम तिला येत होते. काल किती वेळा बुडाले, शेजारणीची वाटी किती वेळा बुडाली, सलग किती दिवस बुडते आहे, हे ती सांगत नसे. तुमच्या घड्याळात मुळात जो टायमर आलेला आहे तो असाच आहे; आकडेवारी आणि शाबासकीची पदके देणारे वेगळे अ‍ॅप त्यासाठी लागत नाही.

वापरायचे असे की सकाळी कार्यालयात पोचल्यावर, चौकशीला येणाऱ्यांची वर्दळ सुरू होण्याआधी, दोन घटका रिकन्सिलिएशनला द्यायच्या. घड्याळ ‘व्यत्यय नको’ स्थितीत टाकायचे, टायमर लावायचा आणि मोबाइल पर्समध्ये. वेळ संपल्यावर मनगटच तेवढे थरथरते, शेजारच्या टेबलाला कळतही नाही. मोबाइलवर टायमर लावला की तो बंद करायला गेलेला हात कुठे कुठे फिरून येतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. पंचवीस मिनिटे हा काही शास्त्रवचनातला आकडा नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी जुळवताना लय लागायलाच दहा मिनिटे जात असतील तर ४५ मिनिटांचा डाव मांडावा. दुपारनंतर, लोक येऊन विचारणारच अशा वेळी, टायमर लावूच नये. ते मोडण्यासाठीच केलेले वचन ठरते आणि संध्याकाळी उगाच खट्टू व्हायला होते.

टिपण्याचे काम तुमच्यासारख्या फिरत्या बाईला फार उपयोगी आहे. स्टोअर्सकडून येताना कोणीतरी अडवून सांगतो की त्या मालाचा जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) अजून झालेला नाही, तुम्ही ‘बघते’ म्हणता, आणि जागेवर येईपर्यंत ते जाते तरी किंवा दिवसभर डोक्यात घोळत तरी राहते. अशा वेळी घड्याळात चार शब्द बोलून ठेवावेत. तुमच्या घड्याळावर गूगल कीप चालते. टोडोइस्ट किंवा टिकटिक या कामांच्या यादीच्या अ‍ॅप्सपैकी एखादे वापरत असाल तर तेही चालेल (घड्याळातल्या अ‍ॅपला टिकटिक हे नाव देणाऱ्याला मराठी येत असावे अशी मला उगाच शंका आहे). मात्र एकच ठेवावे. तुमच्या यादीत टिपणांसाठी एक, कामांसाठी एक आणि सवयींसाठी तिसरे अ‍ॅप आहे, त्यामुळे जीआरएन कुठे लिहिला हे शोधणे हेच एक काम होऊन बसते. रोज निघण्यापूर्वी दहा मिनिटे देऊन ही टिपणे मोठ्या पडद्यावर उघडावीत आणि प्रत्येकापुढे ‘केव्हा, काय’ एवढे लिहावे. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ सालच्या प्रयोगांत असे दिसले होते की अपुरे काम मनाला टोचत राहते खरे, पण ते केव्हा आणि कसे करणार हे नेमके ठरवले की, काम झालेले नसतानाही, टोचणी बरीच कमी होते. रात्री जेवताना तुम्हाला कंपनी आठवू नये यासाठी या दहा मिनिटांचा उपयोग झोपेच्या अ‍ॅपपेक्षा जास्त होईल.

तारखांबद्दल तुम्हाला मी काय सांगावे? ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र), १४ ला टूबी (पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून तयार होणारा खरेदीचा तपशील) तयार, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला थ्रीबी (कर भरण्याचे मासिक विवरणपत्र), हे तुम्हाला झोपेतही म्हणता येईल. पण तुमच्या घड्याळात २० तारखेची आठवण २० तारखेलाच लागलेली आहे, आणि तिच्यात फक्त ‘जीएसटी’ असा शब्द आहे. ती आठवण नसून धमकी झाली. त्याऐवजी १५ तारखेला सकाळी अकराला ‘टूबी आणि खरेदीचे रजिस्टर जुळवायला घेणे’, १७ ला ‘न जुळलेल्या बिलांसाठी पुरवठादारांना फोन’ आणि १९ ला ‘चलन’ असे लावून पाहावे, दर महिन्याला आपोआप पुन्हा येईल असे. मनगटावर आलेले वाक्य असे हवे की ते वाचून हात कुठे घालायचा ते लगेच कळेल. यासाठी मोबाइलमधले नेहमीचे कॅलेंडर पुरते, त्यातल्या आठवणी घड्याळावर आपण होऊन येतात. उशीर झाला तर कराच्या रकमेवर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज आणि शिवाय विलंब शुल्क लागते हे तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे या तीन थरथरी बाकीच्या सर्व थरथरींहून मोलाच्या आहेत.

राहिल्या त्या ११० थरथरी. मोबाइलमध्ये या स्मार्टवॉचचे जे अ‍ॅप असते, त्यात सूचनांचे पान उघडावे आणि आधी सरसकट सगळे बंद करावे. ‘नको ते एकेक बंद करू’ असे म्हणत बसलात तर प्रत्येकाची दया येते. सगळे बंद करून मग फोन, कॅलेंडर आणि बँकेच्या ओटीपीसाठी एसएमएस एवढेच उघडावेत. ओटीपी मनगटावर दिसला की मोबाइल शोधावा लागत नाही, ही या घड्याळाची एक छोटी पण खरी सोय आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे गट मोबाइलवरच मुके करावेत. ८ तास, १ आठवडा आणि कायम असे तीन पर्याय तिथे असतात आणि सोसायटीच्या गटासाठी तिसरा निवडायला मन घट्ट करावे लागते एवढेच. दहावीचे वर्ष आहे, शाळेच्या गटातले काही निसटले तर, ही भीती रास्त आहे. पण शाळेचा निरोप त्या क्षणी कळण्याची गरज सहसा नसते, दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी सहाला तो गट उघडून पाहिला तरी पुरते, आणि खरोखर तातडीचे असेल तर शाळा फोन करते. कार्यालयातल्या २२ संदेशांचे मात्र नुसत्या बटणाने भागणार नाही. तिथे सहकाऱ्यांना सांगावे लागेल की सकाळी साडेअकरापर्यंत मी चॅट पाहत नाही, अडले असेल तर जागेवर या किंवा फोन करा. पहिल्या आठवड्यात दोघेतिघे कुरकुरतील. मग त्यांच्या लक्षात येईल की जागेवरून उठून येण्याइतके निकडीचे फारसे काही नव्हते.

ज्यांचे घड्याळ दोन-तीन हजारांतले आहे, अशा वाचकांसाठी एक सांगते. त्यांपैकी बहुतेक घड्याळांवर बाहेरची अ‍ॅप्स घालताच येत नाहीत, बनवणाऱ्याने दिले असेल तेवढेच मिळते, आणि त्याची खंत करू नये. टायमर, गजर आणि कोणत्या सूचना येऊ द्यायच्या याची निवड बहुधा त्यातही असते. टिपणांसाठी खिशात छोटी वही ठेवावी. शिवाय त्या घड्याळांना रोज चार्जिंग लागत नाही.

तुमच्या घड्याळाला ते लागते, आणि मला त्याचा फायदा करून घ्यावासा वाटतो.  संध्याकाळी घरी आल्यावर, सात वाजता, ते दिवाणखान्यात चार्जरवर ठेवावे आणि सकाळीच पुन्हा हातात घालावे. सासूबाईंचे बोलणे तुम्हाला लागलेले दिसते, पण त्यांची चूक नाही. त्यांच्या पिढीत समोर माणूस बोलत असताना घड्याळाकडे बघण्याचा अर्थ एकच होता : आता आवरा. तुमच्या मनगटावर टँकरचा निरोप आला आहे हे त्यांना कसे कळावे? बैठकीत तुमच्या वरिष्ठांनाही तसेच वाटत असणार, फक्त ते बोलून दाखवत नाहीत. मनगट वळवले की पडदा उजळतो, ती सोय सेटिंगमधून बंद करता येते. तीही करून टाकावी.

आता त्या पाच आठवणींकडे येते. यावर मी काही म्हणावे की नाही याचा बराच विचार केला, कारण तुम्ही त्याबद्दल तक्रार केलेली नाही. पण मला वाटते तुमच्या दिवसातला जड भाग तोच आहे, आणि घड्याळाने तो हलका न करता तुमच्या अंगावर अधिक घट्ट बांधला आहे. पूर्वी एखादी गोष्ट तुम्ही विसरलात तर घरातल्या दुसऱ्या कोणाला ती आठवावी लागे. आता तुम्ही विसरतच नाही, म्हणून कोणालाच आठवावे लागत नाही. काम करणे आणि काम ध्यानात ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यजमान विम्याचा हप्ता स्वतः भरत असतील, पण तो भरायची आठवण तुमच्या मनगटावर येत असेल, तर त्या कामाचा त्रासदायक भाग तुमच्याकडेच राहिला. तुम्ही म्हणाल, मी केले तर वेळेवर होते, त्यांच्यावर सोडले तर राहून जाते. होऊ शकते. वार्षिक हप्ता असेल तर आयुर्विमा महामंडळ ३० दिवसांची सवलत देते, तेव्हा एकदा राहून जाऊ द्यायला हरकत नाही. किंवा बँकेतून परस्पर हप्ता जाण्याची व्यवस्था त्यांनाच करू द्यावी. गॅसचे बुकिंग दहावीतल्या मुलाला सहज जमेल, त्याला मोबाइल हातात घ्यायला निमित्त हवेच असते. क्लासचा हप्ता तुमच्याकडे राहिला तरी चालेल. गोळीचे मात्र असे बेफिकीरपणे सोडता येणार नाही, म्हणून तिथे दोन आठवडे दुहेरी व्यवस्था ठेवावी : सात खणांची गोळ्यांची डबी आणावी, ती दर रविवारी सासूबाईंनी आणि यजमानांनी मिळून भरावी, आठवण सासूबाईंच्या आणि यजमानांच्या मोबाइलवर लावावी, आणि तुमच्या घड्याळावरची आठवण दोन आठवड्यांनी काढावी. सासूबाईंना हे आवडणार नाही असे गृहीत धरू नये. स्वतःच्या गोळ्यांचा ताबा परत मिळणे अनेक ज्येष्ठांना सुखावते.

पत्राच्या मधोमध, जाता जाता, तुम्ही एक वाक्य लिहिले आहे : मदतनीस मुलगा जूनमध्ये नोकरी सोडून गेला, जागा अजून भरलेली नाही. मला हे वाक्य पत्राच्या पहिल्या ओळीत दिसायला हवे होते. दोन माणसांचे काम एक माणूस करत असेल, तर त्याच्या हातात कोणतेही घड्याळ बांधले तरी २० तारखेची रात्र टळत नाही, आणि त्याचा दोष स्वतःच्या शिस्तीला देणे हा हिशेबच चुकीचा आहे. इथे मात्र तुमची मोजायची हौस कामाला लावावी. पुढचे दोन आठवडे टायमर लावताना प्रत्येक घटका कशावर गेली ते एका शब्दात टिपून ठेवावे : व्हाउचर, फायलिंग, बिलांचे फोन, रिकन्सिलिएशन. जे काम तो मुलगा करत असे त्यावर तुमचे आठवड्याला किती तास जातात हा आकडा हाती आला, की तो घेऊन वरिष्ठांकडे जावे. ‘फार ताण पडतो’ असे सांगितले तर सहानुभूती मिळते. तासांचा तक्ता पुढे ठेवला तर निदान त्यावर बोलावे तरी लागते. जागा लगेच भरली जाईलच असे नाही. पण अर्धवेळ माणूस, किंवा व्हाउचरच्या नोंदी स्टोअर्सकडेच होणे, असा मधला मार्ग निघू शकतो.

आणि तुमचा ता.क. यजमानांनी घड्याळ दिले ते तुमचा भार हलका व्हावा या भावनेने, यात शंका नाही, त्यामुळे ते काढून ठेवण्याची किंवा त्यांच्यापासून काही लपवण्याची गरज नाही. एखाद्या रविवारी दुपारी तो ११८ चा तक्ता त्यांच्यापुढे ठेवावा आणि सूचना बंद करायला त्यांनाच शेजारी बसवावे. भेट देणाऱ्याला ती उपयोगात आणून दाखवण्यासारखे दुसरे आभार नाहीत. त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी पुन्हा मोजावे आणि जमल्यास मला आकडा कळवावा. त्याच रविवारी, हातात मोबाइल आहेच तर, सकाळी आठच्या गोळीचा गजरही त्यांच्याकडून लावून घ्यावा. सूर कोणता ठेवायचा ते त्यांचे त्यांना ठरवू द्यावे.